फोड, पुरळ आणि तापाच्या आधी: डोळा आणि नसा काय सांगतात, आणि नागपुरात अशा वेळी काय करायचं

कपाळाची एकच बाजू जळजळते. कंगव्याचा दात लागला तरी कळ जाते, उशीवर डोकं टेकवत नाही. त्वचेवर मात्र काहीच दिसत नाही. मे-जूनच्या नागपुरात याचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: रात्रभर कूलरसमोर झोपला, हवा लागली. मग संशय दाढेवर जातो, मग अर्धशिशीवर. दोन-चार दिवसांनी भुवईच्या वर पाण्याने भरलेल्या फोडांचा झुबका उठतो, तेव्हा कळतं की ही नागीण होती आणि ती आधीपासून सांगत होती.

विषाणूंचे बरेच आजार असेच कळतात. काहींची पहिली खूण नसेत किंवा डोळ्यात उमटते आणि अंगावर दिसायला वेळ लागतो. काहींमध्ये उलटं होतं. ताप येऊन जातो, माणूस कामाला लागतो आणि दोन-तीन आठवड्यांनी नजर किंवा पाय कुरकुर करू लागतात. ही खूण घरच्या घरी पकडता येते आणि वेळेत पकडली तर नजर, चेहरा, कधी जीवही वाचतो. ती कशी पकडायची, हे इथे क्रमाने सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे उगाच घाबरायला होणार नाही. दोन्ही पायांच्या तळव्यांना महिनोन्‌महिने हळूहळू वाढत गेलेल्या मुंग्या बहुतेक वेळा मधुमेहाच्या, बी-१२ च्या कमतरतेच्या किंवा अशाच एखाद्या कारणाच्या असतात. त्याही तपासाव्यात, पण त्यासाठी रात्री धावपळ नको. आपल्याला शोधायचं आहे ते अचानक आलेलं, एकाच बाजूचं किंवा भराभर वाढणारं.

१. आधी वेळ आणि बाजू लिहा

औषधाच्या आधी वही घ्या, मोबाइलवर लिहिलं तरी चालेल. खूण पहिल्यांदा कधी जाणवली, तारीख आणि वेळ. उजवी बाजू की डावी. ताप आहे का, असेल तर कधीपासून. फोड किंवा पुरळ दिसलं असेल तर पहिलं कधी आणि कुठे.

त्याखाली मागच्या दोन महिन्यांचा हिशेब लिहा. ताप येऊन गेला का? जुलाब झाले होते का? घरात किंवा शेजारी कुणाचे डोळे आले होते का? कुत्रा, मांजर, माकड चावलं किंवा ओरबाडलं का, अगदी पिल्लू असलं तरी? गावाकडे, शेतावर मुक्काम झाला का? मधुमेह, कॅन्सरचे उपचार, स्टिरॉइडच्या गोळ्या, गर्भारपण यांपैकी काही आहे का?

हे लिहायचं कारण असं की डॉक्टरांचा बराचसा निर्णय याच उत्तरांवर ठरतो. नागिणीची विषाणूविरोधी गोळी फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर सर्वांत जास्त उपयोगी पडते. चेहऱ्याची नस बसून चेहरा वाकडा झाल्यावर दिलं जाणारं स्टिरॉइडही ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. आणि तो अर्धांगवायू निघाला, तर रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी हातात जेमतेम साडेचार तास असतात. “परवापासून जरासं होतंय” या उत्तरावर यातलं काहीच ठरवता येत नाही.

२. खिडकीजवळची दहा मिनिटं

दिवसाच्या उजेडात, चष्मा असेल तर लावून, घरातल्या दुसऱ्या माणसाच्या मदतीने करा.

एक डोळा तळहाताने झाका, बोटांनी दाबू नका. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचा. मग त्याच जागी बसून दुसऱ्या डोळ्याने वाचा. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईटाची उणीव झाकून टाकतो, त्यामुळे एका डोळ्याची नजर निम्मी झाली तरी कित्येकांना पत्ता लागत नाही. आता बाटलीचं लाल झाकण एकेका डोळ्याने पाहा. एका डोळ्याला ते फिकट, विटकरी दिसत असेल तर डोळ्यामागच्या नसेला सूज असण्याची शक्यता आहे. खिडकीच्या जाळीकडे पाहा. सरळ रेषा वाकड्या दिसणं किंवा मधोमध डाग दिसणं ही डोळ्याच्या आतल्या पडद्याची तक्रार.

नंतर डोकं न हलवता नुसते डोळे वर, खाली, दोन्ही बाजूंना फिरवा. दुखतं का? एकाची दोन बोटं दिसतात का? दिसत असतील तर एक डोळा झाका. झाकल्यावर दुसरी प्रतिमा गेली, तर डोळे फिरवणारी नस किंवा स्नायू यांत गडबड आहे.

चेहरा: भुवया वर उचला, डोळे घट्ट मिटा, दात दाखवा, गाल फुगवा. समोरच्याने दोन्ही बाजू ताडून पाहायच्या.

हातपाय: आधार न घेता खुर्चीतून उठा, चवड्यांवर चार पावलं, टाचांवर चार पावलं. रोज चढता तो जिना आज जड जातोय का?

शेवटी त्वचा. केसांच्या आत, कानाच्या पाळीमागे, कानाच्या भोकात, नाकाच्या शेंड्यावर. आणि ताप असेल तर काख, जांघ, कमरेची नाडी बांधतो ती जागा, स्त्रियांमध्ये स्तनांखाली. तिथे सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली तर तो विषाणू नाही, स्क्रब टायफस आहे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांनी त्याची साथ पाहिली. त्याला डॉक्सिसायक्लिनसारखं साधं औषध चालतं, पण “व्हायरल आहे, उतरेल” म्हणत बसलं तर माणूस जातो.

३. दिसलं त्याचा अर्थ

*कपाळ, डोळा, नाक: नागीण.* लहानपणी कांजिण्या झालेल्या माणसाच्या नसांच्या मुळाशी तो विषाणू आयुष्यभर दडून असतो. वय वाढलं, मधुमेह किंवा आजारपणाने प्रतिकार कमी झाला की एखाद्या नसेच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून दुखणं एका बाजूला, पट्ट्यासारखं, आणि मध्यरेषेवर थांबणारं. दर शंभरातल्या दहा ते वीस जणांत ही नस कपाळ-डोळ्याची असते. नाकाच्या शेंड्यावर किंवा बाजूला फोड आला तर तो अतिशय महत्त्वाचा इशारा आहे, कारण नाकाचा शेंडा आणि डोळ्याचा आतला भाग एकाच नसेच्या फांदीवर आहेत. अशा वेळी डोळा लाल नसला, दुखत नसला तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा.

फोड नसताना नुसती जळजळ असेल तर रोज सकाळ-संध्याकाळ ती जागा उजेडात पाहा आणि फोटो काढा. पहिला फोड दिसला की ७२ तास मोजायला लागा. गोळी असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर. मात्रा डॉक्टरच ठरवतील, कारण मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांना ती कमी करावी लागते. ७२ तास उलटून गेले म्हणून घरी बसू नका. डोळा गुंतला असेल किंवा नवे फोड येत असतील तर नंतरही औषध देतात.

आपल्याकडे नागीण म्हटलं की उतरवून घेणं आलं. गेरूचा लेप आला, तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो ही भीती आली. नागीण एका बाजूच्या नसेतून येते, ती कमरेला वेढा घालून टोकं जुळवत नाही. फोड आठ-दहा दिवसांत खपली धरतात, म्हणून मंत्राला यश आल्यासारखं वाटतं. पण मागे राहणारी महिनोन्‌महिन्यांची आग आणि बुबुळावरचा पांढरा डाग मंत्राने जात नाही. घरातल्या आजींचा विश्वास असेल तर त्यांच्याशी वाद घालू नका. गोळी सुरू करा आणि मग त्यांच्या समाधानासाठी हवं ते करा, फक्त डोळ्याजवळ लेप नको. फोड ओले आहेत तोवर कांजिण्या न झालेली बाळं आणि गर्भवती स्त्रिया यांना जवळ येऊ देऊ नका.

तरुण माणसाला चेहऱ्यावर किंवा पुन्हा पुन्हा नागीण झाली तर एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रात ती मोफत होते आणि गोपनीय राहते. लाजेपोटी ही तपासणी टाळू नका. वेळेत कळलं तर आज माणूस उत्तम जगतो.

*डोळे येणं.* २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ होती, ती आठवत असेल. विषाणूने आलेले डोळे आधी एक, दोन दिवसांत दुसरा असे येतात, पाणी गळतं, वाळू गेल्यासारखं खुपतं, कानासमोर छोटी गाठ दुखते. एक-दोन आठवड्यांत आपोआप बरं होतं. टॉवेल, उशी वेगळी, हात धुणं, थंड पाण्याच्या पट्ट्या, एवढं पुरतं. उन्हाळ्यात कूलरच्या वाऱ्याने आणि धुळीने कोरडे पडून लाल होणारे डोळे निराळे. त्यात ना गाठ असते, ना घरभर लागण.

पण एकच डोळा लाल आहे, उजेड सहन होत नाही, खोलवर दुखतं, नजर धूसर आहे, यांतलं काहीही असेल तर ती साधी साथ समजू नका. ओठांवर फोड उठवणारा हर्पिस विषाणू बुबुळावरही जखम करतो. त्यात स्टिरॉइडचा थेंब पडला की जखम पसरते. आणि मेडिकलच्या दुकानात “लाल डोळ्याचे ड्रॉप” मागितले तर हातात येणाऱ्या बाटलीत पुष्कळदा अँटिबायोटिकसोबत डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड असतं. लेबल वाचा. त्यावर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन यांपैकी नाव असेल तर डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय डोळ्यात घालू नका.

क्वचित डोळ्याच्या साथीचा विषाणू नसांपर्यंतही पोचतो. १९७१ च्या साथीनंतर मुंबईत काही रुग्णांचे पाय लुळे पडले, त्याचं वर्णन डॉ. नोशिर वाडिया यांनी केलं होतं. डोळे येऊन गेल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी कंबर-पायात कळा आणि अशक्तपणा आला तर डोळ्यांच्या साथीचा उल्लेख डॉक्टरांजवळ जरूर करा.

लहान मुलाचे डोळे लाल, नाक वाहतंय, खोकला आणि चढता ताप असेल तर तीन-चार दिवसांत कानामागून पुरळ येतं का पाहा. तो गोवर. मुलाला जीवनसत्त्व अ चा डोस दोन दिवस द्यावा लागतो, डोळे वाचवण्यासाठीच.

*डोळ्यामागे दुखणं: डेंग्यू आणि चिकनगुनिया.* जुलै ते नोव्हेंबर ताप आणि डोळे फिरवताना मागे ठणका, हे नागपुरात डेंग्यू समजूनच चाला. पहिल्या पाच दिवसांत रक्ताची एनएस-१, नंतर आयजीएम तपासणी. तापाला पॅरासिटामॉलच. ब्रुफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन नको, रक्तस्राव वाढतो. ताप उतरत असताना, साधारण आठवड्याच्या सुमाराला, समोर डाग दिसू लागला किंवा अक्षरं पुसट झाली तर पडद्याची तपासणी त्याच दिवशी. त्याच काळात पोट जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त आलं तर थेट रुग्णालय.

चिकनगुनियाने २००६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये नागपूरकरांची घरंच्या घरं झोपवली. सांधेदुखीच्या धास्तीत त्याची डोळ्यांची बाजू दुर्लक्षित राहते. ताप गेल्यावर काही आठवड्यांनी डोळ्याच्या आत सूज येते, नजर मंदावते, कधी नसेला सूज येऊन लाल रंग फिका दिसतो. लोक म्हणतात अशक्तपणा आहे, चष्म्याचा नंबर वाढला असेल. म्हणून कॅलेंडर आणि लाल झाकणाची चाचणी तापानंतर दोन महिने दर आठवड्याला करा.

या दोन्हींचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि आपल्या गल्ल्यांमध्ये ते पाणी कूलरच्या टाकीत असतं. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून भिंती घासा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी महिनोन्‌महिने टिकतात. मोसम संपल्यावर कूलर झाकून ठेवण्याआधीही घासायचा.

*चेहरा वाकडा होणं.* सकाळी चूळ भरताना पाणी ओठातून गळतं, एक डोळा मिटत नाही. पहिला प्रश्न कपाळाचा. त्या बाजूची भुवई उचलता येत नसेल तर बहुधा चेहऱ्याची नस बसली आहे. भुवई उचलता येते पण तोंड खेचलंय, हात जड आहे, बोबडं बोलतोय, तर अर्धांगवायू समजा आणि १०८ ला फोन करा. खात्री नसेल तरीही १०८. नस बसण्यामागे पुष्कळदा दडलेला हर्पिस जागा होणं असतं असं मानतात. कानात फोड आणि कळा असतील तर ती कानाची नागीण आहे, तिला विषाणूविरोधी गोळीही लागते.

बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतो, पण न मिटणारा डोळा तेवढ्यात सुकून बिघडतो. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणी हलकेच चिकटवून झोपणं, बाहेर जाताना गॉगल. मधुमेही माणसाने स्टिरॉइड सुरू असताना साखर रोज मोजावी.

*पायांपासून वर चढणारा अशक्तपणा.* जुलाब किंवा तापानंतर एक ते तीन आठवड्यांनी पायात मुंग्या, मग जिना जड, मग हात: हा गुलेन-बारी सिंड्रोम. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात त्याची मोठी साथ झाली. तिथे मुख्य कारण एक जीवाणू होता, पण विषाणूंनंतरही हे होतं. काहींमध्ये सुरुवात एकाची दोन दिसण्यापासून आणि तोल जाण्यापासून होते. यात वाट पाहायची नाही. श्वासाचे स्नायू बसू शकतात म्हणून अतिदक्षता विभाग असलेलंच रुग्णालय गाठा.

पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या सकाळी दोन्ही पापण्या जड होऊन मिटू लागल्या, पोट दुखतंय, गिळता येत नाही, तर मण्यार चावलेली असू शकते. तिचा दंश दुखत नाही, खूणही सापडत नाही. विषाणूचा विचार बाजूला ठेवा, प्रतिविष असलेलं रुग्णालय गाठा. तसंच एकच पापणी पडली, त्या डोळ्याची बाहुली मोठी झाली आणि डोकं प्रचंड दुखतंय, तर तो मेंदूच्या रक्तवाहिनीचा फुगा असू शकतो. हाही १०८ चाच प्रसंग.

*मूल झोपाळलं, बरळतंय, झटका आला.* इथे मी सगळ्यात जास्त आग्रह धरतो. मेंदूला सूज आणणाऱ्या चांदीपुरा विषाणूला नाव मिळालं ते नागपूरकडच्या चांदीपुरा गावावरून. १९६५ मध्ये तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो सापडला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली, त्यातली १८३ गेली. हा विषाणू मुख्यतः पंधरा वर्षांखालच्या मुलांना गाठतो. सकाळी ताप, दुपारी उलटी, संध्याकाळी झटका, आणि एक-दोन दिवसांत सगळं संपतं. तो पसरवणारी वाळूमाशी डासापेक्षा कितीतरी लहान, साध्या मच्छरदाणीतून आत येणारी, मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यात राहणारी.

त्याचा काळ म्हणजे जून ते ऑगस्ट, आणि जूनमध्ये आपल्याकडे प्रत्येक तापलेल्या मुलाला ऊन लागलेलं असतं. कांद्याचा रस, पन्हं, ओला टॉवेल यात दुपार जाते. ऊन लागलं असेल तरीही, मूल बरळत असेल तर तो उष्माघात आहे आणि त्यालाही रुग्णालयच लागतं. त्यामुळे दोन्हींतला फरक घरी शोधत बसू नका. ताप आणि शुद्ध हरपणं, ताप आणि झटका, ताप आणि नजर एकटक लागणं, यांतली कोणतीही जोडी दिसली की निघा. वाटेत अंग ओल्या कापडाने पुसा. झटका सुरू असेल तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा, पाणी, कांदा काही नको. चांदीपुरावर नेमकं औषध नाही, पण झटके थांबवणं, साखर सांभाळणं, मेंदूची सूज उतरवणं यावर मूल वाचतं, आणि त्यासाठी तास मोलाचे असतात.

*चावल्याच्या जागी मुंग्या.* कुत्रा चावून आठवडे-महिने झाले, जखम भरली, आणि आता तिथेच मुंग्या, खाज, आग. रेबीजची ही पहिली खूण असू शकते आणि लक्षणं सुरू झाल्यावर तो बरा होत नाही. म्हणून इथे खुणेची वाट पाहायचीच नाही. चावल्या क्षणी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना-तिखट नको, त्याच दिवशी लस, आणि रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन. लस सरकारी दवाखान्यांत मोफत आहे. सगळे डोस घ्या. लस चुकली असेल आणि खूण नसेल, तर महिना उलटला तरी आज जा.

४. कुठे जायचं, काय न्यायचं

झटका, शुद्ध हरपणं, अर्धांगवायू, चढता अशक्तपणा, दम लागणं: मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानमधलं एम्स किंवा अतिदक्षता विभाग असलेलं जवळचं रुग्णालय. घर वाडी-हिंगण्याकडे की कामठीकडे, यावर जवळचं कोणतं हे आजच ठरवून ठेवा. मेडिकलच्या अखत्यारीतल्या सुपर स्पेशालिटीत मेंदू-मज्जातंतूंचा विभाग आहे. नजर कमी, डोळा खोल दुखतोय, नाकाच्या शेंड्यावर फोड: त्याच दिवशी नेत्रविभाग. चष्म्याचं दुकान यासाठी उपयोगाचं नाही. नुसती एका बाजूची जळजळ किंवा साधे डोळे आले तर फॅमिली डॉक्टर पुरे.

वही, चालू औषधांच्या पट्ट्या, त्वचेचे फोटो, आधी मारलेल्या ड्रॉपची बाटली सोबत घ्या. रेशन कार्ड आणि आधारही घ्या. गुलेन-बारीसारख्या आजाराचं इंजेक्शन फार महाग असतं, तेव्हा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा.

डॉक्टरांसमोर पहिलं वाक्य नेमकं असू द्या: “परवा रात्री दहापासून कपाळाच्या डाव्या बाजूला आग होतेय, आज सकाळी नाकावर फोड दिसला, साखरेची गोळी सुरू आहे.” गर्दीच्या ओपीडीत दोन मिनिटं मिळतात, ती अशा वाक्याने सार्थकी लागतात.

५. डोळ्यात आणि नसेवर काय करायचं नाही

गुलाबपाणी, मध, बाळंतिणीचं दूध, तुरटीचं पाणी डोळ्यात नको. बसलेल्या चेहऱ्याला कडक तेल आणि जोराची मालिश नको. नागिणीचे फोड फोडू नका, स्वच्छ कोरडे ठेवा. शेजाऱ्याला लागू पडलेली बाटली तुमच्या डोळ्यात नको.

६. बरं झाल्यानंतर

नागिणीची आग फोड गेल्यावर तीन महिन्यांनीही टिकली तर ती सहन करत बसू नका. साध्या वेदनाशामकांनी ती थांबत नाही, नसांच्या दुखण्याची वेगळी औषधं असतात आणि ती हळूहळू वाढवत न्यावी लागतात. डोळ्याची नागीण झालेल्याने डोळा पांढराशुभ्र दिसला तरी नेत्रतज्ज्ञ सांगतील तितके महिने दाखवत राहावं, कारण आतली सूज आणि डोळ्याचा दाब नंतरही वाढतो.

पन्नाशी उलटलेल्यांसाठी नागिणीची लस २०२३ पासून भारतात मिळते. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. किंमत जास्त आहे, त्यामुळे घरात सगळ्यांना घेणं जमत नसेल तर मधुमेह असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसाचा विचार आधी करा. एकदा नागीण होऊन गेलेल्यालाही ती घेता येते, फोड पूर्ण बरे झाल्यावर, डॉक्टरांना विचारून.